बधिर हातानं केलेली कार्डं

ज्यांच्या घरात कुणाला नुकतंच "जीबीएस" म्हणजे गुलेन-बारी हा नसांचा आजार झाल्याचं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त मध्येच "बिचारी" म्हणायचं नाही.

मी पत्रकं लिहिते. विरारच्या मनवेलपाड्यातल्या आमच्या पाणी समितीची जवळपास सगळी पत्रकं माझी. मथळा मोठा, वाक्यं छोटी, शेवटी मागणी. या सवयीनं आजारपणाचंही पत्रक करून बघितलं. होत नाही. मागणी कुणाकडे करायची तेच कळत नाही. तेव्हा हे साधं सांगणं आहे. वैद्यकीय माहिती हवी असेल तर डॉक्टरांना विचारा. ते घाईत असतील तर दारात उभं राहून विचारा. पैशांचंही इथे काही लिहिणार नाही. ते लिहायला बसले तर दुसरं काही लिहून होणार नाही.

पत्रकं खाली पडली

आधी पोट बिघडलं. आमच्याकडे पाणी टँकरचं, पोट बिघडणं ही काही बातमी नाही. दोन-चार दिवस ओआरएस पिऊन मी परत कामाला लागले. पाण्याच्या टाक्या साफ करण्याबद्दलचं पत्रक होतं, इमारतीमागून इमारत वाटत चालले होते. एका जिन्यावर हातातला गठ्ठा सुटला. उचलला, परत सुटला. वरच्या मजल्यावरच्या काकू दारातून म्हणाल्या, "अगं, जेवून निघत जा जरा." मी हसले. बोटांची टोकं झोपल्यासारखी झाली होती, मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो तशी. झटकली, उठेनात.

दुसऱ्या दिवशी चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही. रिक्षा स्टँडपर्यंत एका पायानं अनवाणी गेले. समितीतला माझा सहकारी प्रफुल्ल मागून चप्पल घेऊन आला आणि म्हणाला, "काय कॉम्रेड, संन्यास?" त्याच्यावर ओरडायला वळले आणि गुडघ्यातून खाली बसले. उठता येईना.

इथपर्यंतचं वाचून कुणाला स्वतःचं काही आठवत असेल, तर पुढचं वाचू नका. आधी दवाखान्यात जा.

निदानाचा दिवस

वसई पश्चिमेच्या एका रुग्णालयात नसांची तपासणी झाली. हातापायांवर विजेचे झटके देतात आणि नस किती वेगानं उत्तर देते ते बघतात. माझ्या उजव्या हातानं जवळजवळ उत्तरच दिलं नाही. नंतर पाठीतून पाणी काढलं. संध्याकाळी डॉक्टर आले आणि माझ्या पलंगाशी उभे राहून माझ्या मोठ्या भावाशी, मंदारदादाशी, बोलायला लागले.

"मला सांगा," मी म्हटलं. "पाय माझे आहेत."

डॉक्टर वळले. तरुण होते, थोडे ओशाळले. "तुमच्या शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा तुमच्याच नसांवर उलटलीये."

"म्हणजे हिचं हिच्याशीच भांडण लागलंय?" आईनं विचारलं.

"तसंच समजा."

"हिचं सगळ्यांशीच लागलेलं असतं," दादा म्हणाला. कुणी हसलं नाही. मग आईच हसली आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

मी विचारलं, हे पाण्यातून झालं का? डॉक्टर म्हणाले, पोट बिघडल्यावर असं होऊ शकतं. पण ते पाण्यानं बिघडलं, खाण्यानं की आणखी कशानं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मग म्हणाले, "पाय येतील. वेळ लागेल, पण येतील. उजव्या हाताला मात्र जास्त लागलंय. पंजा किती परत येईल, ते मी आज बोलणार नाही."

मी लिहिणारी. माझ्याकडे नोकरी नाही, डिग्री अर्धवट आहे. जे काही आहे ते या पंजात. हे ऐकून मला मोठ्यानं काहीतरी व्हायला हवं होतं. झालं एवढंच की मी डॉक्टरांच्या खिशातलं पेन बघत राहिले. झाकण हिरवं आणि पेन निळं होतं. कुणाचं कुणाला लावलंय, असा विचार आला. बास.

आयसीयू

आयसीयूत दिवस आणि रात्र नसते, ड्यूट्या असतात. प्रत्येक ड्यूटीला कुणीतरी येऊन नळीत फुंकर मारायला लावायचं. फुंकर कमी पडली तर श्वासाचं मशीन लावणार, हे मला माहीत होतं. माझी फुंकर काठावर राहिली, मशीन लागलं नाही.

लोक विचारतात, भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं, उगाच हार घालू नका. जसे पाय बधिर होते तशी मीच बधिर होते. आई भेटायच्या वेळात येऊन माझी नखं कापायची. माझ्या डोळ्यांसमोर माझा हात, त्यावर आईचा हात, नेलकटर, आणि मला काही नाही. दुसऱ्या कुणाची तरी नखं कापताना बघतेय असं वाटायचं.

तिथे एक मावशी होत्या, कूस बदलून द्यायला. त्या प्रत्येक गोष्ट आधी सांगायच्या. "आता डावा पाय उचलते हां. आता चादर सरकवते. आता तुझा हात माझ्या खांद्यावर हाय." बाकी सगळे मला सामान हलवल्यासारखं हलवायचे. तुमचं माणूस तिथे असेल तर त्याला हात लावण्याआधी सांगा. कळत नसलं तरी सांगा.

घर

घरी आले ती व्हीलचेअरवर. बाबा नाहीत, त्यामुळे सगळं आईवर आणि दादावर. दादा अंधेरीला ऑफिसला जायचा, त्याआधी मला उचलून बाथरूममध्ये न्यायचा. सव्वीस वर्षांच्या बहिणीला. दोघंही भिंतीकडे बघायचो. आई पाणी उकळत बसायची. उकळलेलं परत उकळायची. घरात सतत वाफ.

एकदा जेवताना, म्हणजे आई मला भरवत असताना, दादा फुटला. "झालं ना आता समाधान? दारोदार फिरत होतीस. लोकांच्या टाक्यांत डोकं घालत होतीस. आता बस झालं ते समिती-बिमिती."

"मंदार, तिला जेवू दे," आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनंच माझी पत्रकांची गाठोडी माळ्यावर टाकली. माझ्यासमोर. स्टूल ओढून, एकेक करून. प्रत्येक गाठोड्यानंतर थांबून माझ्याकडे बघत होती.

मी बघत राहिले. आतून कुणी उत्तरच देईना.

मग मला व्यायामोपचार केंद्रात नेलं तेव्हा आईनं तिथल्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, "पायाचं राहू दे गं. ही भांडत नाहीये. ते बघ आधी."

खोली

ती मुलगी म्हणजे किंजल. हाताचे व्यायाम करून घ्यायची. गुजराती, विरारचीच, मराठी आपलं चालवून घ्यायचं असं. "ताई, आज आपण राजमा उचलणार." मी राजमा उचलून डब्यात टाकायचा. मग डब्यातून परत ताटात. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, काढायचे. मी निमूट करायचे. बोटांना राजमा कळत नव्हता. डोळ्यांनी बघून उचलायचा. बघितलं नाही तर तो पडायचा आणि पडलेलाही कळायचा नाही.

खोलीची खिडकी केळीच्या वाडीवर उघडायची. तिथे बसायच्या मर्सी टीचर. मराठी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, वसईच्या जुन्या गावातल्या. अर्धांगवायूनं डावा हात गेलेला, तो मांडीवर पिशवीसारखा ठेवलेला असायचा. समोर टेबलावर कार्डपेपर, शाईचे पॅड, रबरी ठसे, रंगीत पेन्सिली. मागे दोरीला चिमटे लावून कार्डं वाळत घातलेली.

"काय करताय?" मी विचारलं. उत्सुकता नव्हती, राजम्याला पाठ करायची होती.

"नाताळची कार्डं. आमच्या फादरांची फेरी असते. जे अंथरुणाला खिळलेत, चर्चला येऊ शकत नाहीत, त्यांना घरी जाऊन कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, देतात. नाताळच्या फेरीला त्यातल्या प्रत्येकाला एक कार्ड जातं. नियम एकच. आजाऱ्याचं कार्ड आजाऱ्यानंच करायचं. धडधाकट माणसानं हात लावायचा नाही."

"मी हिंदू आहे."

"असशील, बाय. हात चालतो का ते सांग."

"नाही चालत."

"मग बस."

ठसे

ठसे त्यांनी स्वतः केलेले होते. जुन्या स्लिपरच्या तळव्यातून ब्लेडनं कापायचे आणि बाटलीच्या झाकणावर चिकटवायचे. तारा, घंटा, मासा, केळीचं पान, होडी. झाकण माझ्या हातात राहीना, तेव्हा त्यांनी एका मोडक्या लाटण्याचे तुकडे आणले आणि ठसे त्यांच्यावर चिकटवून दिले. मूठ वळून धरायचं, पॅडवर टेकवायचं, कागदावर दाबायचं, सरळ वर उचलायचं.

सोपं वाटतं ना? बधिर हातानं करून बघा. जोर किती लागतोय हे हात सांगत नाही. पहिला तारा इतका दाबला की शाई बाजूला पसरून त्याचा भोपळा झाला. दुसरा कागदावर उमटलाच नाही. तिसरा उचलताना घसरला, एका ताऱ्याला दोन कडा आल्या.

"हा चांगलाय," टीचर म्हणाल्या.

"वाकडा आहे."

"ज्याला जाणार तोही सरळ नाही झोपलेला."

नंतर पेन्सिल. किंजलनं पेन्सिलींना जाड फोम गुंडाळून दिला होता. ठशाच्या काळ्या रेघेच्या आत हलका रंग भरायचा. पेन्सिल बोटांत फिरून निसटायची आणि मी रिकामा हात कागदावर घासत राहायचे. टीचर खोकायच्या, मग मी खाली बघायचे, पेन्सिल जमिनीवर. कार्ड सरकू नये म्हणून किंजलनं त्यावर वाळूची पिशवी ठेवायला शिकवलं. त्याआधी एकदा दादा न्यायला आला होता, त्यानं कोपरा धरून ठेवायला हात पुढे केला.

"तुम्हाला काय झालंय?" टीचरांनी विचारलं.

"मला? काही नाही."

"मग हात मागे."

"पाठ दुखते माझी."

"ती सगळ्यांचीच दुखते."

दादा हात मागे बांधून उभा राहिला, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. त्या दिवशी रिक्षात तो पहिल्यांदा समितीबद्दल काही बोलला नाही. "तो मासा बरा जमला होता," एवढंच म्हणाला.

कार्डात काय लिहायचं

मला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी सांगायचे आणि टीचर त्यांच्या उजव्या हातानं लिहायच्या. पहिल्या कार्डाला मी सवयीनं सांगितलं, "झुंजत राहा."

टीचरांनी पेन खाली ठेवलं. "त्या बाईला आज झुंजायचं नसेल तर?"

"मग 'लवकर बरे व्हा' लिहा."

"आणि नाही झाली तर? तिनं तुझी माफी मागायची?"

हे मात्र मी आजही माझं म्हणून सांगते. दुकानातलं एकेक कार्ड उघडून बघा. सगळ्यांत हुकूम. बरे व्हा, हसत राहा, हिंमत ठेवा. पलंगावरच्या माणसाला हुकूम सोडायचा अधिकार यांना दिला कुणी? त्याच्याकडे करण्यासारखं एकच काम उरलेलं असतं, पडून राहणं, त्यातही यांच्या सूचना.

"काय लिहू मग?"

"आज तुला काय दिसलं, ते सांग."

मी खिडकीतून बघितलं. "केळीच्या फाटक्या पानावर एक कावळा झोके घेतोय."

टीचरांनी तसंच्या तसं लिहिलं. खाली नाव नाही. करणाऱ्याचं नाव घालायचं नाही, हीही त्यांची रीत. मी कार्डांमागून कार्डं केली. आनंद होत होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. आनंद नव्हता, दुःख नव्हतं. ठसा, शाई, दाब, उचल. पाय हळूहळू आले, आधी वॉकर, मग भिंत. डावा हात आला. उजवी मूठ वळायला लागली, पण बोटं रबराचीच राहिली. किंजल उजव्या हाताचं विचारलं की "करत राहा ना ताई" म्हणायची आणि दुसरीकडे बघायची.

होडी

नाताळ जवळ आला तेव्हा टीचर म्हणाल्या, "एक राजोडी गावचं राहिलंय. म्हातारा आहे, आयुष्यभर होडीवर गेलेला. आता पलंगावरून समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. त्याला होडी कर."

होडीचा ठसा मी मारला. खाली समुद्र निळ्या पेन्सिलीनं काढायचा होता. हात माझं ऐकेना. लाट सुरू व्हायची आणि कुठेतरी भलतीकडेच संपायची, होडीच्या वरसुद्धा गेली एक. टीचर बघून म्हणाल्या, "वारा सुटलाय. त्याला कळेल." ते कार्डही दोरीला लागलं.

त्याच दिवशी प्रफुल्ल आला. खारी घेऊन, मोठ्यानं बोलत. "काय कॉम्रेड, ग्रीटिंग कार्डांचा धंदा टाकलास? आम्हाला डिस्काउंट?" मग त्यानं दोरीवरची कार्डं एकेक बघितली आणि होडीपाशी आवाज बंद झाला. माझ्या हाताकडे बघितलं. डोळे भरून आले त्याचे. प्रफुल्लचे डोळे खरंच भरून येतात, तो नाटकी नाही, हे इथे लिहिणं भाग आहे.

"फोटो काढू?" त्यानं विचारलं.

"काढ," मी म्हटलं. मला काय.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पत्रकाचा नमुना आला. वर मोठ्या अक्षरांत, "हा हात कुणी मारला?" खाली माझा हात, मांडीवर पडलेला, आणि त्याच्या शेजारी राजोडीची होडी, वाकड्यातिकड्या लाटांसकट. खाली, "टँकरच्या पाण्याचा बळी, आमची सुप्रिया."

मी ते तपासलं. मथळा चांगला होता. मोकळी जागा बरोबर सोडली होती. दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य लांब झालं होतं. एवढं सगळं दिसलं आणि वाटलं काहीच नाही. आईनं डोकावून बघितलं आणि गॅसपाशी गेली.

राजोडीचं कुठे आहे?

पुढच्या खेपेला टीचर कार्डं गठ्ठ्याला लावत होत्या, गावावार. "बाय, राजोडीचं कुठे आहे?"

"दोरीवर."

"नाही."

टेबलाखाली बघितलं, किंजलनं कपाटामागे बघितलं. मग मला आठवलं की नमुन्यातल्या कार्डाच्या कडा अगदी स्वच्छ होत्या. मोबाइलच्या फोटोत तशा येत नाहीत. ते स्कॅन केलेलं होतं. म्हणजे ते त्याच्याकडे होतं.

माझे दोन्ही हात शाईनं माखलेले, म्हणून सोबत आलेल्या आईनं फोन लावून माझ्या तोंडाजवळ धरला. स्पीकरवर.

"प्रफुल्ल, होडीचं कार्ड तू नेलंस?"

"हो, स्कॅनला. काय आलंय ना! माणूस बघूनच गप्प होतो."

"परत दे."

"देतो की. छपाई होऊ दे."

"आज दे. फादरांची फेरी उद्या आहे. ते राजोडीला जायचंय."

"अगं, एक म्हातारा, एक कार्ड. दुसरं पाठवा ना, एवढी तर लटकत होती. हे अख्खा मनवेलपाडा वाचणार आहे. तूच म्हणतेस ना, चेहरा नसेल तर पत्रक कुणी हातात घेत नाही."

तो बरोबर बोलत होता. आमच्यात असंच असतं. आम्हाला कागद दिसला की तो कुणाला लिहिलाय हे दिसत नाही, किती जणांत वाटता येईल ते दिसतं. मी त्याच्या जागी असते तर मीही दोरीवरून तेच कार्ड काढलं असतं.

"टँकरच्या पाण्यानं झालं, हे कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांना माहितीये."

"मला माहीत नाही. माझ्या डॉक्टरांना माहीत नाही. उद्या कुणी पुरावा मागितला तर काय दाखवणार, माझी बोटं?"

"सुप्रिया, तू आजारी आहेस, म्हणून तुला आत्ता असं वाटतंय. शांत हो."

"कार्ड घेऊन ये."

तो खाकरला. मग म्हणाला, "ते... मांडणीत बसत नव्हतं. कापलंय थोडं. होडी तेवढी ठेवलीये."

कानांच्या मागून काहीतरी गरम वर चढलं. आधी मला वाटलं चक्कर येतेय. मग माझाच आवाज ऐकू आला, खोलीभर.

"कापलंस? तुला विचारलं कुणी? ते तुझं नव्हतं, माझं पण नव्हतं! त्या माणसाच्या घरी जायचं होतं ते! आणि बळी कुणाला म्हणतोस रे? बळी मेलेल्याला म्हणतात. मी इथे बसलेय, राजमा उचलतेय! छापखान्यात फोन कर. आत्ता. नाही तर मी वॉकर घेऊन येते तिकडे."

आईनं फोन माझ्या तोंडाच्या आणखी जवळ आणला. "बोल," ती हळूच म्हणाली. "अजून बोल."

मी अजून बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, टीचर समोर होत्या. किंजल दारात राजम्याचं ताट घेऊन उभी होती.

छपाई थांबली. पुढे बऱ्याच दिवसांनी मी दुसरं पत्रक लिहिलं, माझ्या फोटोशिवाय. प्रत्येक टाकीचं पाणी तपासा, अहवाल इमारतीच्या दारावर लावा. प्रफुल्लनं ते वाटलं. आम्ही बोलतो. आधीसारखं नाही, पण बोलतो.

त्या दुपारी

टीचर म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं पाठवू का राजोडीला?"

"नाही."

त्यांनी होडीचा ठसा आणि पॅड माझ्या पिशवीत घातले. "सकाळी फादर निघायच्या आधी दे."

घरी आल्या आल्या आईनं पोळपाट उलटा करून माझ्यापुढे ठेवला, त्यावर कार्ड. ती बाजूला झाली. नियम तिला माहीत होता, हात मागे बांधून उभी राहिली. मी ठसा मारला. जरा घसरला. राहू दे. निळी पेन्सिल घेतली, तर फोम मध्येच गोल फिरायला लागला. माझं डोकं अजून तापलेलं होतं. दातांनी फोम ओढून काढला, फेकून दिला आणि उघडी पेन्सिल अंगठा आणि दोन बोटांत धरली, शाळेत धरायचे तशी. दाबली. लाट काढली. परत दाबली. टोक मोडलं. आईनं टोक काढून दिलं, तेवढं चालतं असं आमचं ठरलं. मी पुन्हा दाबली.

समुद्र झाला. मग लिहायचं होतं, आणि टीचर इथे नव्हत्या. मी काळी पेन्सिल घेतली. एकेक अक्षर भाकरीएवढं. पानभर एवढंच मावलं:

आज मी खूप चिडले. बऱ्याच दिवसांनी.

शेवटचं टिंब देताना अंगठ्यातून कोपरापर्यंत काहीतरी सणकून गेलं. मी पेन्सिल टाकली. परत गेलं. जळजळ, सुया, आणि पेन्सिल जिथे टेकली होती तिथे बोटाच्या बाजूला एक ठणका. बोटाला पेन्सिलीचा खळगा पडला होता, आणि तो खळगा मला दिसायच्या आधी कळला होता.

"काय गं?" आई पुढे आली. "काय झालं?"

"दुखतंय."

"कुठे? छातीत? मंदारला बोलावू?"

"हात. उजवा. बोटं दुखतायत आई, खूप दुखतायत."

ती पांढरीफटक पडली. किंजलला फोन लावला. तिकडून किंजल इतक्या मोठ्यानं बोलली की मला लांबून ऐकू आलं. "काकी, दुखू दे ना! नसा जाग्या होतायत! उद्या दाखवायला घेऊन या, पण दुखू दे!"

तुमच्या बाबतीत दुखलं तर तुम्हीही डॉक्टरांना विचारा, प्रत्येक दुखणं चांगलंच असेल असं नाही. माझं होतं. आईनं फोन ठेवला, लगेच दादाला लावला. तो ऑफिसात. आई उभ्यानंच ओरडत होती, खिडकी उघडी, समोरच्या इमारतीतले लोक बघायला लागले.

"मंदार! अरे, दुखतंय तिला! ... हात! उजवा! ... हो, खूप दुखतंय म्हणतेय! ... नाही रे, रडत नाहीये मी. तू येताना पेढे घेऊन ये!"

"आई," दादाचा घाबरलेला आवाज येत होता, "नक्की काय झालंय, नीट सांग ना."

ती नीट सांगू शकत नव्हती. मी पोळपाटावरचा हात उचलला आणि मूठ मिटली. दुखलं. उघडली, आणि परत मिटली.